आपलं पुस्तक

विलायतेत लेखकाचे पुस्तक छापखान्यापर्यंत पोहोचवायला एजंट असतो, असे तुम्ही कौतुकाने कळवलेत. बाळांनो, आमच्या ठाण्यातही एक होते. लोकांची बाडे लाल रुमालात बांधून हे गृहस्थ मुंबईचे छापखाने हिंडत. परत आले की ओट्यावर बसून आधी पाय चोळत, मग पाणी मागत आणि बातमी अगदी शेवटी सांगत.

ती मला एका शब्दावरून कळे. पुस्तक छापायला घेतले तर ते "आपलं पुस्तक" म्हणत, परत आले तर "तुमचं". शेजारच्या मास्तरांचे नाटक कायम "तुमचं"च राहिले.

माझ्या गोष्टी त्यांनी नेल्यापासून तुमचे आजोबा मला रोज चिडवत, "काय गं, तुमचं की आपलं?"

एका संध्याकाळी ते गृहस्थ आले. पाय चोळले, पाणी प्यायले.

"वहिनी, छापतो म्हणाले. पण वर बाईचं नाव नको, यजमानांचं, रावसाहेबांचं घाला म्हणाले."

"मग?"

"मग काय? बाड उचललं नि आलो. आपलं पुस्तक परत आलंय."

मी चमकले. परत आलेल्या पुस्तकाला ते "आपलं" म्हणाले, ते चुकून की काय? विचारणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"उद्या दुसरीकडे नेतो. नाव तेवढं जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या."