डोळे उजेडात आखायचे

कुणकेश्वराच्या अलीकडच्या वाडीत जाऊन तुळसा मेस्त्रीचं घर विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. दाजी मेस्त्रींची गणपतीची शाळा विचारा, शेंबडं पोरसुद्धा दारात आणून सोडेल. तुळसा ही दाजींची सून. फोंडाघाटाकडच्या भातशेतीवाल्या घरातली, काळीसावळी, उंच, आणि डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला देवही उतरला तरी हात टेकेल अशी. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असं तिची सासू रुक्मिणी हयात असताना म्हणायची. तुळसाला ते कौतुकच वाटायचं.

शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा, घरामागचा मांगर. चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी माळा, माळ्यावर फाटी, नारळाची सोडणं आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून तीन पिढ्यांनी ठेवलेली अडगळ. खिडक्या दोनच, त्याही हातभर. पावसात त्यांना झाप लावले की आत भर दुपारी तिन्हीसांज. आणि गणपती तर नेमके पावसातच करायचे. देवाने आपला सण वैशाखात ठेवला असता तर दाजींची आणि वीजवाल्यांची, दोघांचीही सोय झाली असती.

आषाढ-श्रावणात घरोघरचा पाट शाळेत येतो, विडा-नारळासकट. त्या पाटावर त्या घरचा गणपती घडतो. कुठल्या घराचा पाट कुठल्या शाळेत जायचा हे आज्या-पणज्यांनी ठरवलेलं. पाट हलवणं म्हणजे जुळलेली सोयरीक मोडणं. तुळसा लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं शाडू मळत होती. मग पितांबर रंगवायला लागली, मग शेला, मुकुट, सोंडेवरची नक्षी. करता करता सगळा गणपती तिच्या हातात आला, डोळे सोडून. डोळ्यांची आखणी दाजींची. डोळे आखले की तो देव. त्याआधी तुळसाने कमरेला धरून इकडून तिकडे ठेवलेली माती.

काही वर्षांपूर्वी दाजींचा हात कापायला लागला. कपबशी वाजायची ते घरात सगळ्यांना ऐकू यायचं, बोलायचं मात्र कोणी नाही. दाजी डोळे आखायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले की तुळसा मांगराचं दार आतून ओढून घ्यायची. बारीक कुंचल्याने सासऱ्याची थरथरलेली रेघ सारखी करायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शिवा तिचा नवरा, आंब्याच्या मोसमात टेम्पो चालवणारा सरळ माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अडचण होती ती बल्बाची. पिवळ्या उजेडात गणपतीची एक बाजू उजळायची, दुसऱ्या डोळ्यावर सोंडेची सावली. तिथे तुळसा अंदाजानेच हात फिरवायची. गेल्या साली वाडीतल्या मानाच्या बाबली घाडींच्या घरी विसर्जनाला गणपती घरापुढच्या खळ्यात आणला, आणि दिवसाच्या उजेडात तिने बघितलं तर एक डोळा भक्तांकडे आणि दुसरा वाशांकडे. दाजींची नव्हे, ती तिची चूक होती. घाडी मंडळी हात जोडून आरती म्हणत होती. तुळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिने एकच धरून ठेवलं, पुढच्या वर्षी डोळे दिवसाच्या उजेडात होणार.

मे महिन्यात तिला वाट सापडली. कुणकेश्वरला भक्ती नावाच्या बाईचा होमस्टे आहे. तिथल्या भिंतींवर वेलबुट्टी काढायला तुळसा जात होती. तिथल्या न्हाणीघराच्या छताला वाटोळा, दुधी काचेचा दिवा. हात धुऊन निघताना तुळसाने तो बंद करायला बटण शोधलं. दाराच्या आत बघितलं, बाहेर बघितलं, आरशामागेही बघितलं. भक्तीची हसून पुरेवाट झाली. तो दिवा नव्हताच. छपरावर पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी, आणि नळीच्या तोंडाला ही काच. वरचा उजेड नळीतून उड्या मारत खाली येतो. सोलर ट्यूब म्हणतात, वीज लागत नाही. भक्ती खोटं बोलणारी नव्हे. तिने उणंही सांगितलं. रात्री या नळीचा शून्य उपयोग, ढग आले की उजेड अर्धा, आणि झोपायच्या खोलीत बसवलीत तर दुपारी डोळ्यांवर फडकं बांधून झोपा. तुळसाने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीच्या कामाच्या मोबदल्यात तसली एक नळीच मागवून घेतली.

घरी कळलं मात्र, सगळ्या वाडीला छपरांचं ज्ञान प्राप्त झालं. कोण म्हणे वीज पडेल, कोण म्हणे घराला दृष्ट लागेल. दाजींनी विचारलं, काचेचं कौल घातलं तर काय बिघडतं? तुळसा म्हणाली, कौलातून येणारा उजेड माळ्यावरच अडणार, तो सोडणांना दाखवून काय करायचा? नळी माळा ओलांडून खाली येते. शिवाने दोन्ही डगरींवर हात ठेवला. बापाकडे बघून मान हलवली आणि बायकोकडे बघूनही. शेवटी दाजी चिडले.

“घराक भोक पाडून पावसाक आवताण देतंस?”

“पावसाक आवताण लागता खंय, दाजी? तो येताच. उजेड येणा नाय, म्हणान तेका बोलावतंय.”

नळी बसली. बसवायला आलेला माणूस स्लॅबवाला, कौलं बघून डोकं खाजवत राहिला. घुमटाभोवतीचा, वरच्या कौलाखाली सारायचा पत्रा त्याने कौलावरून ठोकला, आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी नळीच्या कडेने उतरून एका गणपतीच्या उंदरावर पडलं. उंदराचं शेपूट विरघळलं. दाजींनी त्या उंदराकडे येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवलं. उघडीप मिळताच तुळसा साडी खोचून शिडीवर चढली, शिवाला खाली शिडी धरायला लावली आणि पत्रा काढून कौलाखाली सारून आली. मग एका दुपारी शाळेत एकाएकी ग्रहण लागलं. वर जाऊन बघतात तर घुमटावर वांदर बसलेला, खाली बघत. दाट ढग असले की बल्ब लावावाच लागायचा. आणि दाजींनी एक खोट अचूक काढली, उजेड थेट डोक्यावरून येतो, त्यामुळे मुकुटाची आणि भुवयांची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. तुळसाने तेही कबूल केलं. पाटाच्या पुढच्या कडेखाली तिने लाकडाचा ठोकळा सरकवला. गणपती आरामखुर्चीत रेलल्यासारखा मागे झुकला आणि सावली गेली.

पण रंग! इतकी वर्षं बल्बाखाली पिवळा म्हणून लावलेला पितांबर बाहेर जाऊन मोहरीसारखा दिसायचा. आता पिवळा तो पिवळा, गुलाबी तो गुलाबी. वीज गेली की पूर्वी सगळे हात चोळत बसायचे. आता वीज कधी गेली हे कळायचंसुद्धा नाही. तुळसा मनातल्या मनात जिंकली होती. खरं उणं अजून तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

चतुर्थी तोंडावर आली, तशी एका सकाळी लख्ख ऊन पडलं. दाजी पहिल्या गणपतीसमोर बसले. कुंचला भिजवला, वरच्या पापणीची रेघ ओढली आणि थांबले. पांढऱ्या स्वच्छ उजेडात ती रेघ भाताच्या बांधासारखी वाकडी दिसत होती. बल्बाखाली त्यांना ती कधी दिसलीच नव्हती.  मग म्हाताऱ्याने मान वळवून सुनेकडे पाहिलं. आपली रेघ अशी, तर दरवर्षी या दारातून गेलेली सरळ रेघ कुणाची, एवढा हिशेब काही कठीण नव्हता.

दाजींनी ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि शिवाला सांगितलं, त्या घुमटावर पोतं टाक. शिवा मुकाट्याने वर चढला. शाळेत पुन्हा तिन्हीसांज झाली. तुळसाला रडू येत होतं आणि रागही येत होता; तिने राग निवडला. शिवा उतरताच ती त्याच शिडीने वर गेली, पोतं ओढून अंगणात फेकलं आणि खाली येऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

“उजेडान तुमचो हात बिघडवूक नाय, दाजी. पोता घातल्यार हात बरो होवचो नाय. फकत दिसाचो नाय.”

सुनेने सासऱ्याला असं बोलू नये हे तिला ठाऊक होतं. दाजी उठले आणि पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल टाकलं नाही. रांगेने मांडलेले गणपती बिनडोळ्यांचे समोर बघत होते, म्हणजे बघत नव्हते. शिवाने दोनदा बापाची विनवणी केली आणि दोनदा परत आला.

हरतालिकेच्या सकाळी, उपाशीपोटी, तुळसाने स्वतःच कुंचला उचलला. उद्या घरोघर चौरंग मांडले जाणार, आणि डोळ्यांविना देव कुणाच्या हाती द्यायचा? तिने सगळ्यांत मोठा गणपती उजेडाखाली घेतला, बाबली घाडींचा. कुंचला टेकवणार इतक्यात खुद्द बाबली घाडी दोन माणसं घेऊन दारात हजर. मूर्ती न्यायला आले होते. सुनेच्या हातात कुंचला बघून त्यांचा चेहरा उतरला.

बाबली घाडी वाईट माणूस नव्हे. अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून येणारा. पण त्यांच्या चार पिढ्यांच्या गणपतीला मेस्त्र्यांच्या कर्त्या पुरुषाने डोळे आखलेले. ते म्हणाले की दाजींना जमत नसेल तर मूर्ती अशीच द्या, आखणी दुसऱ्या शाळेत करून घेऊ, आणि पुढल्या वर्षापासून पाटही तिथेच जाईल.  घाडींचा पाट गेला की त्यांच्यामागून अर्धी वाडी जाणार. दाजींची शाळा तिथेच संपली. बाबलींनी वर एक तोडगाही काढला. आधी देवळात कौल लावूया, देव म्हणाला तर बाईच्या हातचे डोळे चालतील.

तुळसाने कुंचला खाली ठेवला नाही. “कौल खुशाल लावा, बाबलीकाका. पण देवाक विचारूचा तर आधी तेका बघूक तरी द्या. डोळे झाले काय तोच सांगात, ह्या हाताचे चलतत काय नाय.”

बाबली रागावले. तेवढ्यात पडवीतून दाजी आले. दारातल्या माणसांनी वाट करून दिली. दाजी गणपतीसमोर मांडी घालून बसले, हात पुढे केला, आणि तुळसाने कुंचला त्यांच्या हातात दिला. बाबलींनी सुटकेचा श्वास सोडला.

दाजींनी डावा डोळा आखला. त्या पांढऱ्या उजेडात, सगळ्यांसमोर, हात न लपवता. पापणी थरथरली, बुबुळाची कड दोन ठिकाणी फाटली. कुंचल्याचं टोक हलताना दारातल्या माणसांनाही दिसत होतं. म्हाताऱ्याने घाई केली नाही आणि कुणाकडे बघितलंही नाही. डोळा पुरा झाल्यावर त्याने कुंचला सुनेसमोर धरला.

“दुसरो तू आख.”

तुळसाला क्षणभर वाटलं, आपण उजवा डोळाही तसाच थरथरता काढावा. सहज जमलं असतं. इतकी वर्षं तो हात तिने रेघेरेघेने वाचला होता. जोडी जमेल, म्हाताऱ्याचा मान राहील, घाडींना काय कळतंय? मग तिला स्वतःचाच संताप आला. याच लपवाछपवीचा गेल्या साली वाशांकडे बघणारा डोळा झाला होता. तिने श्वास रोखला आणि उजवा डोळा स्वतःच्या हाताने आखला, पापणी, बुबुळ, कोपऱ्यातली तांबूस छटा. देव एका डोळ्याने शांत बघायला लागला.

 बाबली या डोळ्याकडून त्या डोळ्याकडे आणि परत या डोळ्याकडे बघत होते. दाजी पुढे वाकले, दोन्ही डोळे जवळून निरखले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“आता माझो सारखो कर. दरवर्सा करतंस तसो. आज दार उघडा ठेवून कर.”

शिवा बायकोकडे बघतच राहिला. तुळसाचे डोळे भरून आले; रंगावर टिपूस पडेल म्हणून तिने ते पदराने कोरडे केले, मग पुढे वाकली आणि सासऱ्याची रेघ सारखी केली. दाजी शेजारी बसून बघत होते, आणि एका ठिकाणी त्यांनी बोटाने दाखवलं, इथे अजून थोडं.

बाबलींनी टोपी काढली, परत घातली. आपल्या घरात आजवर कुणाच्या हातचे डोळे पुजले हे त्यांना आता कळलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी घसा खाकरून विचारलं, सुकायला किती वेळ लागेल?

“बसा,” तुळसा म्हणाली. “उजेड आसा तवसर नीट बघून घेवा. मागसून बोलूचा नाय.”