नागरिकशास्त्राचा उरलेला गठ्ठा

आमच्या शाळेला लोस ओल्मोस गावात कुणी शाळा म्हणत नाही. कालव्यापलीकडचं मोठं हायस्कूल म्हणजे शाळा. आमची ती ‘कॉन्ती’, म्हणजे अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायची जागा. तिकडून हाकललेली, कंटाळून घरी बसलेली, पोलिसांनी कॉलर धरून आणलेली पोरं कालवा ओलांडून आमच्याकडे येतात. गावातल्या आया पोरांवर चिडल्या की ‘कॉन्तीत घालीन हं तुला’ असा दम देतात, आणि मग एक दिवस हात जोडत आमच्याच दारात उभ्या राहतात.

मी इथलं पाळणाघर सांभाळते. शिकायला येणाऱ्या आयांची बाळं दिवसभर माझ्याकडे असतात. आया म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरी. कधीकधी बाळाच्या आधी आईचंच नाक पुसावं लागतं. सगळी पोरं मला मावशी म्हणतात. मी त्यांच्यावर खेकसते, आणि त्यांना ते आवडतं असा माझा समज आहे.

नेरेइदा आरेओला आली ती धुक्याच्या दिवसांत. आमच्याकडे हिवाळ्यात धुकं असं बसतं, की स्वतःच्या अंगणातलं संत्र्याचं झाड दिसत नाही आणि शाळेच्या गाड्या दोन-दोन तास उशिरा सुटतात. त्या धुक्यातून ही उंच, किडकिडीत पोर चालत आली. पायात कुणा बाप्याचे बूट, छातीशी शालीत गुंडाळलेलं बाळ.

“गाडीची वाट का नाही बघितलीस गं?” मी ओरडले. “तान्ह्या लेकराला घेऊन धुक्यात कुणी निघतं का?”

“घरात बसवत नव्हतं, मावशी,” ती म्हणाली, आणि लेकीला, इत्सेलला, माझ्या हातात देऊन वर्गात गेली सुद्धा.

तिचं घर म्हणजे रिगोच्या आईचं घर. रिगो हा इत्सेलचा बाप. तो वाईट नव्हता. खरं तर तो फारसा नव्हताच. रात्रभर गोठ्यावर दूध काढायचा आणि दिवसभर घोरायचा. नेरेइदाची स्वतःची आई तिच्या म्हाताऱ्या आईच्या आजारपणासाठी सीमेपलीकडे, मिचोआकानला गेली ती तिथेच अडकली, तिला परत येता येईना. लेकीला रविवारी फोन करायची, आणि दोघी फोनवर नुसत्या रडायच्या. लग्न नाही, कार्य नाही, पण नेरेइदाला सासू मात्र अस्सल मिळाली.

रिगोच्या आईला, चायोबाईंना, मी लहानपणापासून ओळखते. त्या दुष्ट आहेत असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. त्यांनी त्या पोरीला बाळंतपणात कोंबडीचा रस्सा भरवला, इत्सेलला स्वतः न्हाऊ घातलं. पण त्यांच्या घरात मागची खोली अशी आहे, की बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातूनच, आणि स्वयंपाकघरात चायोबाई. कुठे चाललीस? कुणाबरोबर? दुकानात एवढा वेळ कशाला? रात्री नेरेइदाचा फोन फ्रिजवरच्या परडीत जायचा. चायोबाई पंधराव्या वर्षापासून संत्र्यांच्या शेडमध्ये पट्ट्यासमोर उभ्या राहून फळं निवडताहेत. त्यांच्या मते बाईमाणसाचं आयुष्य म्हणजे तेच, आणि त्याला नावं ठेवणारी पोरगी म्हणजे नखरेल.

“माझ्यासाठी पट्ट्याजवळची जागा आत्ताच सांगून ठेवलीय त्यांनी,” नेरेइदा मला म्हणाली होती. “शाळा संपली की दुसऱ्या दिवशी. त्यांच्या शेजारचीच.”

आता आमच्या शाळेची रीत सांगते. इथे इयत्ता नाही, वार्षिक परीक्षा नाही. प्रत्येक पोराला विषयाचे गठ्ठे मिळतात. एक संपव, दुसरा घे. ज्या दिवशी शेवटचा गठ्ठा संपेल त्या दिवशी, मग तो मार्च असो की ऑक्टोबर, पोरगं पास. त्या दिवशी सगळी शाळा व्हरांड्यात उभी राहते, घरच्यांना बोलावणं जातं, आणि पोरगं टाळ्यांच्या मधून चालत जाऊन टोकाची पितळी घंटा वाजवतं. दुसऱ्या दिवसापासून ते आमचं विद्यार्थी नसतं. त्याचं बाळही मग माझ्याकडे राहत नाही, कारण पाळणा दुसऱ्या कुणाला हवाच असतो.

ती घंटा म्हणजे आमच्या किरोस सरांचा जीव. सर आमचे मुख्याध्यापक, आणि स्वतः कॉन्तीतच शिकलेले. तरुणपणी त्यांना मोठ्या हायस्कूलने काढून टाकलं होतं. त्यांनी घंटा मिळवली जुन्या बंद पडलेल्या शेडमधून. “ह्या घंटेने आपल्या आयांना कामाला जुंपलं,” ते पाहुण्यांना सांगायचे, “आता ती पोरांना सोडवते.” हे सांगताना दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे, आणि माझेही यायचे, खोटं कशाला बोलू.

नेरेइदाने गठ्ठ्यांचा नुसता फडशा पाडला. इत्सेल रांगायला लागेपर्यंत गणित संपलं, इंग्रजी संपलं, जीवशास्त्र संपलं. मग थाओबाई आल्या. त्या इस्पितळातल्या जुन्या नर्स. दुपारी येऊन आमच्या पोरींना रुग्णसेवेचं शिकवू लागल्या: म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, नाडी कशी मोजायची, अंथरुणाला खिळलेल्याला लाज न वाटू देता स्वच्छ कसं करायचं. मे महिन्यात परीक्षा. पास झालं की फ्रेस्नो शहरातल्या वृद्धाश्रमात नोकरी. फ्रेस्नोला नेरेइदाची मामेबहीण राहायची आणि तिच्याकडे एक खोली रिकामी होती. फक्त एक अट. वर्ग आमच्या पटावरच्या मुलींसाठीच.

नेरेइदाचा तेव्हा एकच गठ्ठा उरला होता, नागरिकशास्त्राचा. तो तिथेच थांबला.

माझ्या हे लवकरच लक्षात आलं. दुपारी इत्सेलला दूध पाजायला यायची तेव्हा गठ्ठा मांडीवर असायचा, आणि दर वेळी तेच पान उघडलेलं.

“काय गं, राज्यघटना पाठ करतेयस की काय?” मी म्हटलं.

तिने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मावशी, हा संपवला तर मी पास होईन.”

“मग?”

“पास झाले की शेड. मेपर्यंत नुसतं पटावर राहायचंय मला. इत्सेल इथे, मी थाओबाईंकडे. परीक्षा झाली की एका बैठकीत हा गठ्ठा संपवते, घंटा वाजवते आणि तशीच बसमध्ये बसते. घरी कळलं तर इत्सेलला ठेवून घेतील. ‘तुला जायचंय तर जा, पोरगी आमची आहे,’ असं म्हणालेत एकदा. तुम्ही बोलू नका कुणाला.”

थाओबाईंनी दिलेला निळा गणवेश तिने माझ्या कपाटात लंगोटांच्या मागे ठेवला होता. घरी नेला असता तर चायोबाईंनी विचारलं असतं. मी तिच्यासमोर मान डोलावली. पण किरोस सर म्हणजे काही ‘कुणी’ नव्हेत, आणि गठ्ठ्याच्या किल्ल्या त्यांच्या हातात. म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून सगळं सांगितलं. फ्रेस्नो, खोली, शेड, सगळं.

सरांनी ऐकून घेतलं. चांगला माणूस नेहमी नीट ऐकतो आणि मग आपलंच करतो.

“मावशी,” ते म्हणाले, “किती पोरं अशी पाहिलीत आपण? शेवटच्या गठ्ठ्याशी येऊन अडतात. आयुष्यात कधी काही पुरं केलेलं नसतं, म्हणून पुरं होण्याचीच भीती वाटते. मग कारणं शोधतात. मी स्वतः तसाच अडलो होतो.”

“ही अडलेली नाही हो, ही थांबलीय.”

“प्रत्येक पोराला तसंच वाटतं. पासचा कागद हातात आला की तिला दहा दारं उघडतील. फ्रेस्नोचं आपण बघू ना नंतर. माझ्यावर सोडा.”

त्यांच्या सांगण्यातही खोट नव्हती. आमच्याकडे खरंच अशी पोरं येतात. एकाने शेवटच्या आठवड्यात मुद्दाम खिडकी फोडली होती, जायला नको म्हणून. आमची सगळी शाळा हेच शिकलीय, की अडलेल्याला मागून प्रेमाने ढकलायचं. कुणाला थांबू द्यायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला, धुक्याच्या शेवटच्या दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. कुणाची घंटा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी इत्सेलला कडेवर घेऊन बाहेर आले, तर दाराशी चायोबाई! अंगात चर्चला जाताना घालायचं जांभळं जाकीट, हातात मक्याच्या पानांत उकडलेल्या तामालेंचं भलंमोठं पातेलं, चेहऱ्यावर असं हसू की मी आयुष्यात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“काही दिवसांपूर्वी आपल्याकडे पालकांची सभा झाली,” सर बोलू लागले. “कित्येक आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही. त्या सगळ्यांचं बोलणं एका मुलीने अधिकाऱ्यांना समजावून दिलं, अधिकाऱ्यांचं त्यांना. तीन तास, पाणीसुद्धा न पिता. नागरिकशास्त्र म्हणजे आणखी काय असतं? मी ते काम तिच्या उरलेल्या गठ्ठ्याच्या जागी धरलंय. वरून मंजुरी आली. नेरेइदा आरेओला, तू पास झालीस!”

टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. पोरांनी रांगा करून वाट मोकळी केली. नेरेइदा वर्गाच्या दारात उभी होती. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून झेपत नाही.

“सर, जरा थांबा,” मी म्हटलं. पण पुढे काय म्हणणार? चायोबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, आणि कारण सांगायचं म्हणजे पोरीचा सगळा बेत त्यांच्या पातेल्यात ओतायचा. तिलाही तेच. ‘नको’ म्हटलं तर ‘का’ आलंच. ती चालू लागली. पोरं तिच्या पाठीवर थापा मारत होती, कुणी तिच्या डोक्यावर कागदी फुलं टाकली.

घंटेपाशी जाऊन ती थांबली. दोरी धरली आणि नुसती धरून राहिली.

“ओढ! ओढ!” पोरांनी ठेका धरला.

“ओढ गं बाई, तामाले गार होतायत,” कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

सर जवळ जाऊन हळूच म्हणाले, “भीती वाटते ना? मला पण वाटली होती. एक ओढ फक्त.”

ती दोरी सोडून मागे सरली. “सर, मला अजून...” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात चायोबाई पुढे झाल्या. पातेलं माझ्या हातात कोंबलं, माझ्या कडेवरून इत्सेलला घेतलं आणि घंटेजवळ गेल्या. घंटेवरून हात फिरवला. “अगंबाई, ही तर आमच्या जुन्या शेडची! हिच्या आवाजाला मी पळत सुटायची.” मग त्यांनी इत्सेलची मूठ उघडली, दोरीभोवती मिटली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. “आईला लाज वाटते, होय ना माझ्या राणी? मग आपण वाजवू. आपल्या घरात आजवर कुणी पास झालं नाही. वाजव!”

घंटा वाजली. इत्सेलला तो आवाज इतका आवडला की ती परत परत ओढत राहिली. व्हरांडा नुसता दणाणला. चायोबाई हुंदके देऊन रडत होत्या, सरही रडत होते. नेरेइदा भिंतीला टेकून रडली, आणि सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. आनंदाने रडतेय असंच सगळ्यांना वाटलं.

सोमवारी धुकं उठलं होतं. मी पाळणाघराचं दार उघडलं तर नेरेइदा समोर. इत्सेल कडेवर, अंगात शेडचा रबरी एप्रन. इत्सेलच्या पाळण्यात दुसऱ्या पोरीचं बाळ आधीच झोपलं होतं. ते तिने पाहिलं. इत्सेलने माझ्याकडे झेप घेतली, तशी मी तिला घेतलं.

बाहेर फाटकाशी चायोबाईंची गाडी चालू होती. “थाओबाईंचं पुस्तक परत करायचंय असं सांगून आलेय,” ती म्हणाली.

किरोस सर व्हरांड्यातून धावतच आले. रविवारचा दिवस त्यांनी फोनवर घालवला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याआधीच, टाळ्या थांबल्यावर पोरीचा चेहरा पाहून, त्यांना बहुतेक कळलं होतं.

“नेरेइदा, मी सगळ्यांना विचारलं,” ते म्हणाले. “थाओबाईंनी पण विचारलं. तो वर्ग पटावरच्यांसाठीच आहे. आणि पास झालेल्याला परत पटावर घेता येत नाही. मंजुरी मागे घेता येते का तेही बघितलं. नाही येत. माझं चुकलं, पोरी. फार चुकलं.”

ती त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “सर, मी नापास झाले असते तर?”

“म्हणजे?”

“नापास झाले असते, खिडकी फोडली असती, महिनाभर आले नसते. तर परत घेतलं असतंत मला?”

सरांनी चष्मा काढला, परत घातला. “हो,” ते म्हणाले. “तर घेतलं असतं. त्यासाठीच तर शाळा आहे.”

तिने मान हलवली. थाओबाईंचं पुस्तक टेबलावर ठेवलं. मी कपाटातून निळा गणवेश काढून पुढे केला, तर तिने माझे हात मागे ढकलले.

“नको मावशी. घरी कुठे ठेवू? इथेच राहू दे, लंगोटांच्या मागे.”

बाहेर भोंगा वाजला. एकदा, मग लगेच लांबलचक दुसऱ्यांदा.

“आले, आले!” ती ओरडली, आणि माझ्या हातातून इत्सेलला ओढून घेऊन पळाली.