काठीवरचा चौथा दोरा

फोन वाजला तेव्हा मी ताईच्या जीपखाली आडवा होतो. साजगावातलं माझं गॅरेज, दुपारची वेळ, हातात वेल्डिंगचं हँडल. फोन दहिवलीहून, ताईच्या शेजारच्या वहिनींचा. "नंदूभाऊ, विजूताई गेल्या हो... जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत." मी नुसतं "बरं" म्हणालो, फोन खाली ठेवला आणि जीपच्या पायरीचा राहिलेला टाका मारून पूर्ण केला. असं का केलं, ते दीड महिना झाला तरी मला सांगता येत नाही. ती पायरी ताईला दाखवायची होती, एवढंच डोक्यात होतं. आणि दाखवता दाखवता एक गोष्ट बोलून टाकायची होती, जी मी सहा वर्षं बोललो नव्हतो.

माझा धंदा डोंगरातल्या वाटांसाठी गाड्या सजवून देण्याचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी गाडीला चिखल लावून घ्यायला आमच्या भागात येतात, आणि त्याआधी माझ्याकडून गाडी उंच करून, जाड टायर आणि चार-सहा दिवे लावून नेतात. विजूताई माझी थोरली बहीण. कर्जतच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दागिने करायचे सोडून चारही चाकांना जोर असलेली जुनी फोर बाय फोर जीप घेतली. डोंगरातल्या वाडीत मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं होती. त्यांना कर्जतला डोळ्यांच्या शिबिराला आणायचं आणि परत पोचवायचं, हा तिचा बेत. वाडीची वाट म्हणजे दगड आणि मधे एक ओढा. "गाडी तयार करून दे," म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं. शाळेत माझे कान धरणारी बहीण माझ्याकडे काहीतरी मागत होती!

मी यादी केली. ती यादी तिने पेपर तपासावा तशी तपासली. आधी हातात काठी घेऊन ती वाडीपर्यंत चालत जाऊन आली. वाटेतला सगळ्यात उंच दगड काठीने मोजून तिथे लाल दोरा बांधला, ओढ्याचं पाणी जिथवर आलं तिथे निळा. मग गॅरेजात येऊन काठी गाडीला लावून बघायची. पाण्यातून इंजिनाला हवा द्यायची नळी? "निळा दोरा चाकाच्या निम्म्यावर आहे रे, नळी कशाला?" दिव्यांची पट्टी? "मी दिवसा जाते." अडकलेली गाडी ओढून काढायचं विंच? "वाडीत माणसं आहेत, दोर दे एक चांगला." खोल नक्षीचे टायर आणि पोटाखालचा लोखंडी पत्रा तेवढे पास झाले. आणि स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच वर घ्यायची, लाल दोरा खालून जाईल इतपत.

मी चार इंच वर घेतली. टायरही एक माप मोठे घातले. मला ती एकटी त्या दगडांत अडकायला नको होती, हे खरं. पण माझ्या बहिणीची जीप रस्त्याने गेली की लोकांनी वळून बघावं, हेही तितकंच खरं. तिला सांगितलं नाही, भेट म्हणून केलं.

पहिल्या फेरीला मिरवायला मीही गेलो. ओढा सहज पार झाला, एकही दगड खाली घासला नाही. वाडीत बुधीबाई लुगडं सावरून तयार बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. तिने दाराला धरून पाय उचलला, हवेत चाचपला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. वाडीतले दोघे बाप्ये तिला उचलून ठेवायला पुढे झाले तशी ती भडकली. "मी काय पोतं हाय?" आणि सरळ जमिनीवर बसली. "ताई, आमी नाय येत. तुमी जा."

तिचं शिबिर चुकलं. पुढचं पावसाळ्यानंतर होतं. दहिवलीला पोचलो. उतरताना ताई म्हणाली, "गाडी एवढी वर कशासाठी घेतलीस, नंदू?"

"दगड लागू नयेत म्हणून."

"दगडांना बसवून आणायचं नव्हतं रे."

मला ते फार लागलं. महिनाभर मी तिच्याकडे फिरकलो नाही. शेवटी तीच आली, काठी घेऊन. बुधीबाईला पाय उचलायला लावून, तो जिथवर आला तिथे पांढरा दोरा बांधून आणला होता. भांडली नाही, समजावलं नाही, काठी गाडीला टेकवून ठेवली आणि चहा मागितला. मी गाडी दोन इंचांवर आणली. दाराखाली घडीची पायरी केली, गाडी चालताना वर मिटायची म्हणजे दगडाला लागायची नाही. अंधुक डोळ्यांना दिसावी म्हणून पांढरी रंगवली. सगळं तोंड फुगवून केलं. "चुकलो" एवढा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

पावसाळ्यानंतर बुधीबाई त्या पायरीवरून स्वतः चढली. डोळ्याची पट्टी सुटल्यावर तिने ताईकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमी येवढ्या म्हाताऱ्या हाय?" ताई हसून हसून बेजार झाली.

गेल्या वर्षी ताईचीच ताकद गळत गेली. डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला. जीप मी चालवायला लागलो, ती शेजारी बसून यायची. आमची शेवटची भेट तिच्या अंगणातली. जीपमध्ये चढायला तिने पाय उचलला आणि तो पायरीच्या खालीच अडला. पुन्हा उचलला. मला बुधीबाई आठवली. ताई म्हणाली, "घे, आता माझं माप घे." मी काठी आणली. दोरा तिने आतून आणायला लावला, हिरवा. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर मी तो बांधला. मी गाठ मारेपर्यंत ती मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. पायरी खाली घेऊन आणतो आणि तेव्हाच बोलतो, असं मी ठरवलं होतं. पुढचं मी वर सांगितलंच आहे.

ती काठी आता गॅरेजात दाराशी असते. कुणी गाडी उंच करायला आला की मी आधी विचारतो, गाडीत कोण कोण बसणार? आई बसत असेल तर तिचा पाय कुठवर उचलतो ते बघून या म्हणतो. काही हसतात. एकदोघे खरंच घरी जाऊन मोजून आले.

गेल्या गुरुवारी मी जीप घेऊन वाडीत गेलो. दुसऱ्या दोघांना आणायचं होतं, आणि बुधीबाईला तपासणीला. पायरी उघडली. तिने वाकून बघितलं. "खाली घेतली काय रं?"

"ताईच्या मापाची केली. तिला दाखवायची राहिली... पहिल्यांदा गाडी उंच केली तेव्हा मी चुकलो होतो, तेही सांगायचं राहिलं."

बुधीबाई आणखी वाकली आणि पायरीवरून सावकाश हात फिरवला, डोळे गेले होते तेव्हा फिरवायची तसा.

"आता दिसतंय ना तुला? मग चाचपतेस कशाला?"

"दिसतंय रं," ती म्हणाली. "ताईची हाय म्हणून."

तो हात तिने कपाळाला लावला आणि मग पाय उचलला.