झोपेला हाकलणारा आचारी

दारात आलेल्या मागत्याला हात हलवून वाटेला लावतात ना, तसा तो झोपेला लावायचा. डोळे मिटायला लागले की भट्टीपुढं उभ्या उभ्या हवेत हात झटकायचा आणि म्हणायचा, "पुढच्या घरी जाय माय, इथं भट्टी पेटेल हाय." आम्ही पुऱ्या लाटणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तुम्हीही त्याच्या हातचं जेवला असाल. वडनेर भोलजीपासून शेगावपर्यंत कुठल्या लग्नात वांग्याची भाजी पुन्हा पुन्हा मागून घेतली असेल, तर ती बहुतेक त्याचीच. नाव सांगत नाही. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत, आणि लोकांची तोंडं मला माहीत आहेत.

माणूस किडकिडा, पण जीभ तिखट. एकदा नवरीचा मामा उगाच मागं हात बांधून गंजाशी, भाजीच्या मोठ्या पातेल्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आचारी, भाजीत तिखट कमी वाटून राह्यलं बा."

हा मान वर न करता म्हणाला, "मामा, अजून वांगे कापाचे हायेत."

मी त्याला बापू म्हणायची, तो मला मावशी. एवढंच नातं. पण एके दिवशी ते घट्ट झालं. मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथं एक खिडकी आहे, तिच्यापुढच्या रांगेत माणसं एकमेकांकडं पाहत नाहीत. एचआयव्हीची औषधं तिथं मिळतात. त्या रांगेत दुपट्ट्यानं तोंड बांधून हा उभा. चालण्यावरून मी ओळखलं आणि पुढं निघाले. तर फाटकापाशी मागून आला.

"पाह्यलं का मावशी?"

"पाह्यलं."

"आता माह्या हातचं खाशीन का?"

"काऊन नाही खाणार? जेवणानं लागते का ते?"

"तुले समजते. वरबापाले समजन का? उद्या एकानं जरी म्हटलं का आचाऱ्याले तो रोग हाय, तर माही भट्टी इझलीच समज."

बायकोलाही तेच होतं. ती मात्र गोळी चुकवायची नाही. देवापुढं दिवा लावल्यासारखी वेळेवर घ्यायची. ह्याचं तसं नव्हतं.

लगीनसराईत एक लग्न उतरलं की दुसरं चढायचं. मग झोप नुसत्या हात झटकण्यानं जाईना. हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांकडून त्यानं गोळी आणली. तिला जागी गोळी म्हणायचे. काळ्या चहाबरोबर घेतली की तो भिंगरीसारखा फिरायचा. दोघांचं काम एकटा करायचा, पण दात करकर वाजायचे, कपाळावरची शीर टरटरून यायची आणि डोळे लाल इंगळ. लोक म्हणायचे, काय ताकद आहे! मला ती ताकद पाहून भीती वाटायची.

एकदा मी विचारलं, "बापू, दवाखान्याची गोळी घेतो ना रोज?"

"सराईत नाही घेत."

"काऊन?"

"दोनी गरम हायेत मावशी. एका घरात दोन सवती नांदत नाहीत. मंग एकीले माहेरी धाडतो. सराई झाली का घेऊन येतो वापस."

आणि माहेरी धाडायची कोणती, तर जिनं घर सांभाळलं ती!

मी पुढच्या खेपेला त्या खिडकीवरच्या ताईला विचारलं. नाव घेतलं नाही, आमच्यातल्या एकाचं असं असं आहे म्हटलं. ताई खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "आजी, ह्या आजारानं रक्ताच्या नळ्या आतून खराब होतात. रोजचं औषध तो आजार दाबून ठेवतं. ते सोडलं आणि वर ती जागरणाची गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम चढतो. मेंदूतली नळी तुंबते, नाहीतर फुटते. वय बघत नाही. त्यांना इथं पाठवा. कोणी रागवणार नाही."

मी जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो झोपेला झटकायचा तसाच हात त्यानं माझ्यापुढं झटकला. "सराई उठू दे मावशी. तूच घेऊन जाय मले."

त्यानंतर शेगावच्या एका लग्नात बुंदी पाडताना झारा त्याच्या उजव्या हातातून निसटला. तोंड वाकडं झालं. काहीतरी बोलला, पण तोंडात भिजलेला कापूस कोंबल्यासारखं. चहा उकळून खाली उतरेपर्यंत सगळं जागच्या जागी आलं. त्याचा साळा हाताखाली काम करायचा. तो हसून म्हणाला, "भाऊजी, नवरदेवापेक्षा तुमचेच हात थरथरून राह्यले बा!" सगळे हसले. तोही हसला. मी त्याचा हात धरून म्हटलं, आत्ता चल. तर म्हणाला, "बुंदी कोन पाडीन?"

पुढचं लग्न आमच्या वडनेरात. ऊन मी म्हणत होतं. पंगत बसायची होती. वरणाला फोडणी देता देता तो भिंत खचावी तसा उजव्या अंगावर बसला. डोळे उघडे, पण शब्द नाही.

"वारं गेलं, वारं गेलं!" साळा ओरडला. "पारव्याचं रक्त चोळा लागते! पारवा आना कोनी!" आणि खरंच माणसं पारवा शोधायला पळाली. लकवा मारला की आमच्याकडं आधी पारवा आठवतो, मग दवाखाना. त्याला निंबाखाली निजवून सगळे पारव्याची वाट पाहायला लागले. मी भाजी आणलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा हात धरला. म्हटलं, "गाडी काढ, नाहीतर मी चाकाखाली निजते." तेव्हा कुठं त्याला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

साळा म्हणाला, "शुगरची."

त्याला बहीण-भाऊजींनी तेवढंच सांगितलेलं. बापू माझ्याकडं पाहत होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे बोलत होते, मावशी नको. मी साळ्याला पाणी आणायला धाडलं, दार लोटलं आणि डॉक्टरांच्या कानाशी सगळं सांगितलं, घेतलेलं आणि सोडलेलं. बापूनं डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, बरं झालं बोललात. चारचौघांत त्यांनी अक्षर काढलं नाही. जीव वाचला. उजवं अंग आणि वाचा गेली.

बायको त्याला मेहकरजवळ आपल्या माहेरी घेऊन गेली. गावात अजून लोक हळहळून म्हणतात, बिचाऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. रोग कोणाला कळला नाही. पण ज्या भट्टीसाठी लपवला ती भट्टीच गेली.

मी एकदा भेटायला गेले. बायको त्याला रोजची गोळी वेळेवर भरवत होती. शेजारी लग्न होतं. मांडवातून ताट आलं होतं. ती वरणभात कालवून त्याला चारत होती, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं पदरानं पुसत होती. मला म्हणाली, "मावशी, तुम्हीबी घ्या दोन घास." मी एक घास घेतला.

वरण खारट होतं. तोंडात धरवेना इतकं खारट, एकाऐवजी दोघांनी मीठ टाकल्यासारखं. असं वरण ह्याच्यापुढं आलं असतं तर ह्यानं गंजासकट उकिरड्यावर ओतलं असतं आणि वरबापाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी त्याच्याकडं पाहिलं, आता तोंड फिरवेल, आता थुंकेल.

त्यानं तो घास गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.