शेवटच्या रांगेतली सुवर्णाकाकू

सुवर्णा काकड कराटेच्या क्लासला पहिल्यांदा गेली ती लेकीला सोडायला. अठ्ठ्याण्णव साल असेल. प्रतिभा पाचवीत होती. तिच्या शाळेत कोणीतरी येऊन प्रात्यक्षिक दाखवून गेलं होतं. हाताच्या एका फटक्यात कौलं फुटली, ते पाहून पोरगी वेडी झाली. घरी आल्यापासून एकच धोशा, मला जायचंय म्हणजे जायचंय. शेवटी तिचे वडील पुंजाराम म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरीच्या अंगात दम असलेला बरा."

क्लास पंचवटीतल्या एका शाळेच्या पटांगणात भरायचा. काकडांचा मळा मखमलाबादच्या शिवारात, झेंडू आणि शेवंतीचा. रोज पहाटे पाट्या बांधून फुलबाजारात लुना घेऊन जाणारी सुवर्णाच, त्यामुळे तिला रस्ता काही नवा नव्हता. शिकवणारे रंगनाथ मोगल सर सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करायचे आणि संध्याकाळी पोरांना घाम काढायला लावायचे. आवाज असा की पटांगणाबाहेरचा भेळवालाही दचकून ताठ उभा राहावा.

पांढरा ड्रेस शिवायचा होता. शिंप्याकडे प्रतिभाची आजी अंबूबाई स्वतः गेली. "वाढतं अंग हाय तिचं," तिनं शिंप्याला बजावलं. "दहावीपर्यंत पुरला पायजे. चांगला ऐसपैस शिव." शिंप्यानं म्हातारीचं ऐकलं. ड्रेस आला तेव्हा प्रतिभा त्यात अशी हरवली की बाह्या चार वेळा दुमडल्यावर बोटं दिसली.

लेक पटांगणात आणि आई पायऱ्यांवर, असा शिरस्ता पडला. सुवर्णा सोबत टोपली आणायची आणि हार ओवत बसायची. बाकीच्या आया गप्पा मारायच्या. हिचं लक्ष मात्र पोरांकडे. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून उभं राहायचं, कमरेपासून मूठ सोडायची, दुसरी मूठ तितक्याच जोरानं मागं ओढायची. बघता बघता तिची सुई थांबायची. एकदा तर साडीखाली टाचा वळताहेत हे तिचं तिलाच कळलं, तशी ती गोरीमोरी होऊन इकडंतिकडं बघायला लागली.

प्रतिभाचा उत्साह दीड महिन्यात ओसरला. तिनं सरांना सरळ विचारलं होतं, "सर, कौल कधी फोडायचं?" सर म्हणाले, "चार वर्षांनी." चार वर्षं नुसतं पाय वाकवून उभं राहायचं, हे काही तिला पटलं नाही. "मला नाय जायचं आता," तिनं घरी जाहीर केलं. "मांड्या भरून येतात."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा एकटीच क्लासला गेली. "सर, प्रतिभा काय यायची नाही आता."

"बरं," सर म्हणाले. पोरं सोडून जाण्याची त्यांना सवय होती. पण बाई जागची हलेना. "अजून काही, काकू?"

"हे मोठ्या माणसांना जमतं का?"

"किती मोठ्या?"

"माझ्याएवढ्या."

सरांनी डोकं खाजवलं. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, डोक्यावर पदर, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. "जमायला काय, जमेल. पण मला पोरांवर ओरडायची सवय. तुम्हाला कसं बोलणार मी?"

"पोरांना बोलता तसंच बोला," सुवर्णा म्हणाली.

नवऱ्याला तिनं विहिरीवर गाठून सांगितलं. पुंजाराम आधी हसला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "जा. पण आईला नको कळू देऊ." आता सासूला कळायला नको तर प्रतिभाला सोबत नेणं आलं. म्हणजे लेक पायऱ्यांवर गृहपाठ करत बसणार आणि आई पटांगणात. नवा ड्रेस शिवायचा प्रश्नच नव्हता. अंबूबाईनं ऐसपैस शिवून घेतलेला ड्रेस सुवर्णाला नेमका बसला. विजार तेवढी घोट्याच्या वर राहिली.

क्लासमध्ये उंचीला किंमत नव्हती, बेल्टला होती. पांढऱ्या बेल्टवाले सगळ्यांत मागं आणि नवा माणूस त्यांच्याही शेवटी. सुवर्णाच्या पुढं ललिता भोये उभी. वय वर्षं आठ. तिचे वडील मूळचे पेठकडचे, एसटीत कंडक्टर होते. ललितानं मागं वळून ही नवी विद्यार्थिनी आपादमस्तक न्याहाळली.

"काकू, अंगठा मुठीच्या आत नाही घ्यायचा. मोडेल."

"हो का गं?"

"हो. माझा मोडला होता." आणि तिनं अंगठा अभिमानानं दाखवला.

पहिला आठवडा सुवर्णाला आयुष्यभर पुरेल असा गेला. दिवसभर वाफ्यात वाकून फुलं तोडणारी बाई, आपल्याला कष्टाचं काय, अशा समजुतीत होती. पण ही दुखणी वेगळीच. ज्या जागी दुखू शकतं हेच ठाऊक नव्हतं, तिथं दुखत होतं. जिना उतरताना ती भिंत धरायची आणि अंबूबाई म्हणायची, "वात धरला वाटतं तुला. शेक घे." पायऱ्यांवरून प्रतिभा ओरडायची, "आई, गुडघा वाकव!" दीड महिना स्वतः ऐकलेलं वाक्य दुसऱ्याला सुनावण्यात तिला केवढा आनंद होता!

सगळं जमत गेलं. आवाज मात्र निघेना. ठोसा मारताना पोटातून आरोळी ठोकायची असते. अख्खा क्लास ओरडला की शाळेच्या काचा थरथरायच्या. सुवर्णाच्या तोंडून मात्र कोणी पायावर पाय दिल्यासारखा "अय्" एवढाच उद्गार बाहेर पडायचा.

"काकू, बाजारात फुलं विकता ना?" सर म्हणाले. "तिथं काय कानात सांगता का गिऱ्हाईकाला?"

पोरं फिस्सकन हसली. बाजारात ओरडणं वेगळं, इथं वेगळं, हे तिला सांगता येईना. बारा वर्षं सासरी हळू बोलायची सवय लागलेली.

ललितानं हळूच सल्ला दिला, "काकू, कोणाचा तरी राग आठवा. मी गणिताच्या बाईंचा आठवते."

सुवर्णानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नवरा? भला माणूस. सासू? तोंडाची फटकळ, पण बाळंतपणात तिनंच जपलेलं. फुलबाजारातला दलाल? त्याच्यावर ओरडायचं ते समोरासमोर ओरडून झालेलं. राग काही सापडेना. सापडलं ते निफाडकडचं माहेर. बाजरी हुरड्यात आली की ती माळ्यावर चढून पाखरं हाकायची. हातात गोफण, समोर थव्यानं उतरणाऱ्या चिमण्या, आणि तीन शेतं पलीकडं ऐकू जाईल अशी हाळी.

"इच!" सरांनी जपानीत 'एक' पुकारलं. सुवर्णानं मूठ सोडली आणि ती माळ्यावरची हाळी दिली.

शाळेच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली. पुढची रांग मागं वळली. भेळवाला गाडी सोडून फाटकात आला. मोगल सर म्हणाले, "बाकीच्यांनी असं ओरडायचं. कळलं?"

वर्ष-सव्वा वर्ष हे गुपित टिकलं. सुवर्णाला पिवळा बेल्ट मिळाला, मग केशरी. पण मखमलाबादच्या माणसांचं पंचवटीत रोजचं जाणं-येणं. शेजारच्या वत्सलाबाईनं एक दिवस अंबूबाईला गाठलंच. "तुमची सून पांढरी विजार घालून पोरासोरांत लाथा झाडती म्हणं."

अंबूबाई त्या संध्याकाळी कोणाला न सांगता रिक्षात बसून पंचवटीला गेली. सुवर्णा काता करत होती. म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून ठरलेल्या चालीनं वार करायचे आणि अडवायचे. वळली तर पायऱ्यांवर सासू, शेजारी वही तोंडावर धरून बसलेली प्रतिभा. सुवर्णाचा हात हवेतच राहिला.

"थांबू नका काकू!" सर गरजले. ती थांबली नाही. सगळा काता पुरा करून, वाकून नमस्कार करून, मगच ती पायऱ्यांकडं आली. घाम कानांमागून ओघळत होता.

अंबूबाईनं तिला खालून वर पाहिलं. "ही विजार तर म्या शिवून घेतली व्हती."

"हो, आत्याबाई."

"लागतं का गं?"

"कधी कधी."

"मला सांगितलं का नाय?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणलेच असते," अंबूबाई फणकारली. "पर सांगायचं तरी. सून काय करती ते मला वत्सलानं सांगायचं व्हय?" मग पदरानं वारा घेत ती बसून राहिली आणि क्लास सुटेपर्यंत हलली नाही. परतताना तिघी लुनावर मावेनात, म्हणून आजी-नात रिक्षानं आल्या. वाटेत म्हातारी म्हणाली, "ती कंडक्टरची पोर लय चपळ हाय. तुझ्या आईनं जरा अजून खाली बसायला पायजे."

पुढच्या आठवड्यापासून अंबूबाई दर शनिवारी क्लासला यायला लागली. पायऱ्यांवर तिच्या ओळखी झाल्या. ललिताची आजी कमळाबाई पेठहून आली की दोघी शेंगा सोलत बसायच्या आणि कोणाची लाथ किती उंच गेली यावर वाद घालायच्या.

अशी पाच-सहा वर्षं गेली. प्रतिभा दहावी उरकून अकरावीला लागली. ललिता सुवर्णाच्या खांद्याला आली. दोघींच्या कमरेला तपकिरी बेल्ट आला. आणि ब्लॅक बेल्टची परीक्षा लागली नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. परीक्षक मुंबईहून यायचे, तेही वर्षातून एकदा.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे झेंडूवाल्यांचा वर्षाचा दिवस. मळा केशरी होऊन ठाकलेला, पहाटेपासून तोडणी, दुपारपासून मखमलाबाद नाक्यावर ढीग लावून विक्री. सुवर्णानं सरांना सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी बघू."

घरी मात्र तिनं चकार शब्द काढला नाही. काढला प्रतिभानं, जेवताना.

अंबूबाईनं भाकरी ताटात ठेवली. "पुंजा, नाक्यावर तू बस."

"मी?" पुंजारामाचा घास अडकला. तो मातीतला माणूस. रोपांशी तासन् तास बोलेल, पण गिऱ्हाइकानं भाव विचारला की आकाशाकडं बघेल. "आई, मला ओरडता येत नाय."

"मी ओरडते," प्रतिभा म्हणाली. "आईची पोरगी आहे मी."

सुवर्णा म्हणाली, "अहो, राहू द्या. परीक्षा काय, दरवर्षी येते."

"झेंडूबी दरवर्षीच येतो," सासू म्हणाली आणि विषय संपला.

परीक्षा सकाळी सुरू झाली ती दुपार कलली तरी चालूच. उठाबशा, जोर, ठोसे, लाथा. मग लढत, एकामागून एक ताज्या दमाचे गडी. शेवटची समोर आली ललिता. वाकून नमस्कार झाला आणि पोरीनं पहिल्याच झटक्यात अशी लाथ दिली की सुवर्णाची बरगडी ठणकली. "सॉरी काकू," ललिता ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "बोलू नको, मार," सुवर्णा तिच्यावरच खेकसली आणि पुढच्या क्षणी तिचा ठोसा पोरीच्या छातीवर बसला. दोघींनाही हसू आवरेना, तसे परीक्षक खाकरले.

मग काता. साठ-पासष्ट चालींचा, वर्षभर झेंडूच्या वाफ्यांत घोटलेला. सुवर्णा मध्यावर आली, वळली आणि एकदम कोरी झाली. पुढं काय, ते आठवेना. तिनं दोन पावलं मागं घेऊन पुन्हा करून पाहिलं, तरी नाही.

"परत करू का, सर?"

परीक्षकांनी मानेनंच होकार दिला. दुसऱ्यांदाही ती तिथंच अडली.

ललिता पास झाली. सुवर्णाला सांगण्यात आलं की बाकी सगळं उत्तम, काता तेवढा सहा महिन्यांनी मुंबईला येऊन पुन्हा द्यायचा.

ती नाक्यावर पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. झेंडूचा ढीग बराचसा संपला होता. प्रतिभाचा घसा बसला होता. पुंजाराम फुलं मोजून देत होता आणि चक्क गिऱ्हाइकांशी बोलत होता. अंबूबाई पोत्यावर बसली होती.

"काय झालं?"

"नापास." म्हणता म्हणता सुवर्णाला रडू फुटलं. इतका वेळ ती धीटच होती.

अंबूबाईनं विचार केला. "म्हणजे अजून सहा महिने क्लासला जायचं?"

"हो."

"बरं झालं," म्हातारी मोकळेपणानं म्हणाली. "मला वाटलं, आता शनिवारचं बंदच पडतं. कमळाबाईला म्या लोणच्याचा शब्द दिलाय."

सुवर्णा रडता रडता हसायला लागली आणि तिच्या बरगडीतून कळ आली. पुंजारामानं तिला पोत्यावर बसवलं, चहा सांगितला. मग चौघांनी उरलेला झेंडू विकला.

मार्चमध्ये ती मुंबईला जाऊन आली. या वेळी काता सुरळीत पार पडला. परीक्षकांनी तिच्या नावापुढं खूण केली, आणि ती नाशिकला परतली ती ब्लॅक बेल्ट घेऊन. गावानं सत्कार करायचं काढलं. शाल-नारळ नको, असं सुवर्णानं ठामपणे सांगितलं आणि त्याऐवजी गावातल्या समाजमंदिराची किल्ली मागितली. रविवारी सकाळी, बायकांसाठी.

पहिल्या रविवारी दहा-बारा जणी आल्या. कोणी साडी खोचून, कोणी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून. वत्सलाबाई "नुसतं बघायला" म्हणून आली होती. मदतीला ललिता. रांग करताना सगळ्याच मागं सरकायला लागल्या. पुढं उभं राहायला कोणी तयार होईना. पाय फाकवून उभं राहा म्हटल्यावर त्यांतल्या फुलाबाईला असं हसू फुटलं की ती खालीच बसली, आणि तिला उठवायला गेलेली दुसरीही बसली.

मोगल सर असते तर गरजले असते. सुवर्णा गरजली नाही. तीही चटईवर टेकली, आणि हसू ओसरेपर्यंत सगळ्या जणी हसल्या. मग तिनं फुलाबाईला हात देऊन उभं केलं, तिच्या गुडघ्यावर हलकी थाप मारली आणि म्हणाली, "हं, आता वाकव."