माळकऱ्यांच्या घरचा बोका

"चमचा आधी खाली ठेवा," मी म्हणाले.

इंदूताईंनी ठेवला नाही. टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला पिवळा बोका होता आणि त्याच्या हनुवटीवरून दूध गळत होतं. "मॅडम, सकाळपासून पाजून राह्यली. एक थेंब आत जाऊन नाई राह्यला."

"गेलाच तर तो चुकीच्या नळीत जाईल. असं जबरदस्तीनं ओतलेलं दूध फुप्फुसात उतरतं. मग न्यूमोनिया."

तेव्हा कुठे चमचा खाली आला.

मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या सरकारी पशुदवाखान्यात डॉक्टर आहे. आमच्याकडे येतात बैल, म्हशी, शेळ्या. मांजर क्वचित. इंदूताईंचं जवळच्या मावला गावात किराणा दुकान. बोका दिवसभर गादीवर बसायचा, म्हणून नाव मुनीम. उंदरांवर पोसलेला, चांगला जाडजूड. आता काही दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

मी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. नाक शेंबडानं बंद. तोंड उघडलं, तर जिभेवर फोड.

"सर्दीचा व्हायरस आहे," मी सांगितलं. "मांजर नाकानं जेवतं. वास आला नाही तर पुढ्यातलं त्याला अन्न वाटतच नाही. त्यात जीभ सोललेली."

"मंग आपोआप बरा होईन तवा खाईन न?"

"तेवढी वाट पाहता येत नाही. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते. मग सर्दी बरी होते, पण मांजर जातं."

मी कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं कमी करायचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, "चिकन उकडा. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराला विष आहे. बारीक वाटून, कोमट करून द्या. वास उठला पाहिजे."

त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "आमच्या घरात अंडंबी येत नाई, मॅडम."

"दही, पनीर लावून बघा. पण त्यानं होईल असं वाटत नाही."

नाहीच झालं. दुसऱ्या दिवशी मी भीमपूरला गुरांच्या लसीकरणाच्या कॅम्पमध्ये होते. दुपारी इंदूताईंचा फोन आला. "मॅडम, थो आता डोळेबी उघडून नाई राह्यला."

मी आमच्या तेलुगू साहेबांना फोन लावला. मागे बैल हंबरत होते.

"सर, थोडा जल्दी निकलूं क्या? पिल्ली..."

"पेळ्ळी? किसकी शादी है मॅडम?"

तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर आणि पेळ्ळी म्हणजे लग्न.

"शादी नहीं सर, बिल्ली. पेशंट सीरियस है."

साहेब म्हणाले, "पहले लाइन खतम करो. फिर जाओ."

लाइन संपवून मी मावल्याला पोचले. दुकानात नारायणराव, इंदूताईंचे यजमान, साखर तोलत होते. मला पाहून वजन खाली ठेवलं. "मॅडम, तुमी इलाज करा. पन या घरात मास शिजनार नाई. माह्या बापाच्या काळापासून नाई शिजलं."

मी उत्तर द्यायच्या आत इंदूताई आतून आल्या. "घरात काऊन शिजवू? मांगं अंगनात शिजवतो. भांडंबी नवं घेतो."

"शेजारच्या शबानाले सांग न."

"बोका तिचा नाई. माहा हाय."

नारायणरावांनी गमछा डोक्याला गुंडाळला आणि बाहेर पडले. मला वाटलं, रागावून गेले.

आम्ही मुनीमला न्हाणीत नेलं. बादलीत कढत पाणी ओतून दार लावलं. बोका माझ्या मांडीवर, बादलीपासून लांब. नाक सैल झालं की ओल्या कापसानं पुसायचं. परत वाफ, परत कापूस. बऱ्याच वेळानं तो शिंकला आणि श्वास नाकातून येऊ लागला.

बाहेर आलो तर अंगणात विटांची चूल पेटलेली. नारायणराव चुलीपासून दहा हात दूर, पाठ करून उभे. चुलीशेजारी काळी पिशवी.

"चिकनवाल्यानं इचारलं, नारायनराव, पाव्हने आले का?" ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले.

इंदूताईंनी नाकाला पदर बांधून शिजवलं. मी वाटलं, गाळलं. वाटी पुढे धरली. मुनीमनं तोंड फिरवलं. गार झालं, परत कोमट केलं. परत तोंड फिरवलं.

"त्याच्या ओठाला किंचित लावा," मी म्हणाले. "तोंडात कोंबू नका. चाटायचं त्यानं ठरवू दे."

इंदूताईंनी वाटीकडे पाहिलं. मग पदर सोडला, बोट बुडवलं आणि ओठाला टेकवलं. मुनीमनं जीभ बाहेर काढली, आत घेतली. पुन्हा काढली. मग ते बोटच चाटू लागला. खरखरीत, हावऱ्यासारखा. इंदूताईंनी हात मागे घेतला नाही.

"खाल्लं का?" भिंतीकडून आवाज आला.

"इकडं तोंड करून पाहा न!"

त्यांनी तोंड वळवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चिकन नारायणरावच घेऊन आले, आणि तिसऱ्या दिवशीही. मुनीम आठवडाभरात वाटीतून खाऊ लागला. मग एका सकाळी चिकन सोडून त्यानं पोत्यामागचा उंदीर धरला. अंगणातली चूल त्याच दिवशी मोडली.

तुमचं मांजर जेवेनासं झालं तर आधी नाक मोकळं करा, तोंडात बघा, दूध ओतू नका, आणि उद्यावर न ढकलता डॉक्टरकडे आणा. घरात काय शिजवायचं हा वाद नवरा-बायकोला मिटवू द्या. त्यावर इंजेक्शन नाही.