साडेसातचं ताट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला देवाने सोमवारी स्वर्गात नेलं, तर मंगळवारी सकाळी साडेसातला तिथे शाळा भरलेली असेल आणि देवदूत ओळीत बसून पाढे म्हणत असतील. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "अक्का, मंगळवार कशाला? सोमवारी दुपारीच भरवीन." अशी बाई. जळगावात माझं दुमजली घर आहे. खाली मी एकटी, वर ती, तिचा नवरा आणि तीन मुलं. नवरा पाइपच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आला की बायको सांगेल ते करतो, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. थोरली मुलगी, मधला मुलगा, धाकटी मुलगी. ख्रिस्ती कुटुंब. रविवारी पाचही जण इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जातात, आणि उरलेले सहा दिवस त्यांच्या घरातच शाळा असते. कारण तिघांपैकी एकाचंही नाव कुठल्या शाळेत नाही. आईच शिकवते, आणि सगळे विषय शिकवते.

मी स्वतः चौथी शिकले. पुढे शिकले नाही याचं कुणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. पण शाळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ती राहायला आली आणि जून उजाडला, तरी मुलं घरीच. मी विचारलं, "पोरं आजारी आहेत का गं?" म्हणाली, "नाही अक्का. देवाने ही पोरं माझ्या पदरात टाकली. मी ती उचलून शाळेच्या रिक्षात कशी टाकू?" आता यावर काय बोलायचं? गल्लीतल्या बाकीच्या आया रोज सकाळी हेच करत होत्या, आणि त्यांच्या पदराला काही झालं नव्हतं. पण ती बोलताना अशी बघते की समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय.

शाळा भरायची वेळ झाली की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून स्टीलच्या ताटावर लाटण्याने ठोके मारते. मुलं तिच्या मागेच दोन हात अंतरावर दात घासत असतात. नुसतं "या रे" म्हटलं तरी भागेल. पण घंटा झाल्याशिवाय शाळा कशी भरेल, हा तिचा प्रश्न. साडेसात म्हणजे माझ्या पूजेची वेळ. त्या ठोक्यांनी माझ्या हातातला बाळकृष्ण दोनदा ताम्हनात पडला. मी जाऊन भांडले. दुसऱ्या दिवशी तिने ताटाखाली फडकं धरलं. तो आवाज आणखी वाईट, जणू कुणीतरी कुणालातरी गादीत गुंडाळून बडवतंय. शेवटी मीच ओरडले, "काढ ते फडकं!" तेव्हापासून ताटाला मोकळीक मिळाली. ताट झालं की प्रार्थना, मग एक गीत, आणि मग अभ्यास. मला त्यांच्या चार-पाच गीतांच्या चाली पाठ झाल्या. वांगी चिरताना तोंडात येतात. आमच्या देवाने अजून तक्रार केलेली नाही.

अभ्यासाला तिला पुस्तक लागतंच असं नाही. दाराशी जो येईल तो मास्तर. गॅसवाला आला की टाकीतला गॅस शेगडीपर्यंत येतो कसा, हे त्याला सांगावं लागे. भाजीवाल्याचे तर हालच. तिघं गाडीभोवती उभी राहणार, त्याचा तराजू हातात घेणार, आणि अर्धा किलोचं एकच वजन वापरून पाऊण किलो गिलकी कशी मोजायची याचा विचार करणार. तोवर बाकीच्या बायका खोळंबलेल्या. सगळी पोरं घरीच बघून तो एकदा वैतागून अहिराणीत म्हणाला, "ताई, बठ्ठा पोरे घरनाच! यासनी शाळा कोठे शे?" ही शांतपणे म्हणाली, "आज तुझ्या गाडीवर शे." त्यानंतर तो आमच्या गल्लीत शिरण्यापूर्वी कोपऱ्यावरून आधी वर बघायचा. ती गॅलरीत दिसली की पुढच्या गल्लीत जायचा. गिलकी आणायला मला तिकडे जावं लागायचं.

पण तिच्या घरातला सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. ज्याचं आधी झालं, त्याने मागे राहिलेल्याला हात द्यायचा. एकाचं गणित सुटलं की तो उठून दुसऱ्याशेजारी जाऊन बसणार. एकाचे कपडे घडी घालून झाले की दुसऱ्याचे घेणार. जेवताना तर शेवटच्याचं होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. धाकटी चावते म्हशीसारखी, सावकाश. एकदा कारल्याची भाजी होती. ती एकेक फोड चघळतेय, आणि तिचा बाप दुपारच्या पाळीला निघायचा म्हणून डोक्यावर हेल्मेट घालून पानावर बसलाय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. "ऊठ की रे," मी म्हटलं. तो हेल्मेटच्या आतून म्हणाला, "तिचं व्हायचंय, अक्का."

अशा घरात थोरली दहावीला आली. शाळेत नाव नसलं तरी बाहेरून परीक्षेला बसता येतं, तसा तिचा अर्ज भरला. त्याच जूनमध्ये हिचे सासरे धुळ्याहून आले. निवृत्त शाळामास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शाळेत आणली, आणि स्वतःची नातवंडं जिन्यात ताट वाजलं की बसतात, हे त्यांना फार लागलं होतं. चहा माझ्याकडे झाला, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. ते म्हणाले, "सूनबाई, थोरली पास झाली तर मी पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. तिला अकरावीला धुळ्याला माझ्याकडे ठेवून घेईन. नापास झाली, तर धाकटी दोघं पुढच्या जूनमध्ये शाळेत. कबूल?" नवरा पंख्याकडे बघू लागला. ती म्हणाली, "कबूल, बाबा. साखर बरोबर आहे ना चहात?" दुसऱ्या दिवशी ताट इतकं जोरात वाजलं की त्याला पोचा आला.

वर्षभर त्या बाईने स्वतःला आणि पोरीला तसूभर सूट दिली नाही. नाताळात बाहेर चांदणीचा आकाशकंदील लागला, करंज्या झाल्या, गच्चीवर आख्ख्या गल्लीला भरीत-पुरीचं जेवण झालं. पण वांगी भाजणाऱ्या थोरलीला आई विचारतच होती, "सालीवर आधी चिरा का पाडल्या? वाफेचं काय होतं?" पोरगी हुशार होती. धूर डोळ्यांत जात असतानाही उत्तर द्यायची. मला वाटलं, ही पास होणार, म्हातारा हरणार.

जानेवारीत तिने थोरलीला गल्लीच्या टोकाच्या क्लासमध्ये सराव परीक्षेला बसवलं. पेपर संपायच्या कितीतरी आधी पोरगी परत आली, आणि तिच्यामागे क्लासचे सर. तोंड लाल. "बाई, तुमच्या मुलीने कॉपी पुरवली." मी ओट्यावरच होते. झालं होतं असं. हिचा पेपर लिहून झाला. शेजारच्या बाकावरची मुलगी एका गणितावर अडून बसली होती. ही उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि समजावून सांगायला लागली. सर म्हणाले, "लपून केलं असतं तर एक वेळ समजलो असतो! माझ्यासमोर, मोठ्याने! आणि मी हटकलं तर म्हणते, सर, जरा थांबा, हिचं होतच आलंय." वरचीने विचारलं, "मग सुटलं का त्या मुलीचं?" सर पाय आपटत निघून गेले.

ते गेल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली. शाळेच्या वेळात तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "अक्का, सगळं शिकवलं. परीक्षेत ज्याचं त्याने बसायचं असतं, हेच राहिलं. बोर्डाच्या पेपरला असं केलं तर पेपरच काढून घेतील."

"मग शिकव," मी म्हटलं. "पायरीवर बसून पायरी झिजेल फक्त."

"माझ्याने नाही होणार. मी समोर असले की तिला घरच वाटतं. तुम्ही बसा पर्यवेक्षक म्हणून."

"मी? मी चौथी शिकलेली!"

"अक्का, तुम्ही समोर बसलात तर भिंतसुद्धा मान वळवणार नाही."

हा मान की अपमान, याचा विचार करेपर्यंत माझ्या ओट्यावर तीन चटया पडल्या होत्या. रोज दुपारी मी खुर्चीवर शेंगा सोलत बसायची आणि तिघं लांब लांब बसून पेपर लिहायची. धाकट्या दोघांना आईने कामच दिलं होतं, थोरलीला मोहात पाडायचं. मधला रबर पाडायचा, कण्हायचा, "ताई, मला येत नाही गं" म्हणून असे हुंदके द्यायचा की मलाच उठून त्याला सांगावंसं वाटे. थोरली दरवेळी अर्धी उठायची. "बस खाली!" मी ओरडायची. ती बसायची, पण तिचे हात अस्वस्थ व्हायचे. फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी धाकटी पाणी प्यायला उठली आणि दारात तिचं बोट चेंगरलं. या वेळी नाटक नव्हतं. पोर कळवळून रडली. थोरली खाली मान घालून लिहीत राहिली. तिला वाटलं, हेही सोंगच. आई दारात उभी होती, तिने पाहिलं. धाकटीला उचलून घेतलं, बोट तोंडात धरलं. मी म्हटलं, "जमलं म्हणायचं तुझ्या पोरीला." ती म्हणाली, "हो, जमलं." पण ते तिने असं म्हटलं, जणू काही हरवल्याचं सांगतेय.

गणिताच्या पेपराला मीही रिक्षातून गेले. एवढे दिवस पर्यवेक्षण केलं, शेवट बघायला नको? शाळेच्या फाटकाबाहेर निंबाखाली बाकीचे आईबाप देवाचं नाव घेत होते. हिनेही डोळे मिटून प्रार्थना केली, आणि डोळे उघडले ते थेट फाटकाच्या गजांवर. झालं, धाकट्या दोघांचा समांतर रेषांचा धडा सुरू. आजूबाजूचे बाप आधी हसले. मग त्यातल्या एकाने आपल्या पोरालाही पुढे ढकललं.

पेपर सुटला. थोरली आली, चेहरा उतरलेला. आईने विचारलं, "गेला ना बरा?"

"बरा गेला," ती म्हणाली. "आई, माझ्या पुढची मुलगी रडत होती. मला दिसत होतं कुठे अडलीय ते. मी मान वळवली नाही." आणि आमची पोरगी रडू लागली.

आईने पदराने तिचं तोंड पुसलं. मग गर्दीत बघत म्हणाली, "ती कुठाय?" पोरीने दाखवली. भिंतीला टेकून उभी होती, एकटीच. आई म्हणाली, "आता पेपर संपलाय. आता जा."

थोरली गेली. दोघी फुटपाथवर बसल्या, आणि हिने प्रश्नपत्रिका मांडीवर घेऊन तिला ते गणित सोडवून दाखवलं. मी म्हटलं, "हे म्हणजे वरातीमागून घोडं. काय उपयोग आता?" वरची म्हणाली, "अक्का, घोडं आलं तर खरं." ती दुसरी पोरगी डोळे पुसून मान डोलावत होती. आम्ही रिक्षा थांबवून त्यांचं होईपर्यंत उभे राहिलो. ऊन कडक होतं. रिक्षावाल्याने मीटरची आठवण करून दिली तेव्हा मीच त्याच्यावर खेकसले, "तिचं व्हायचंय!"

थोरली पास झाली, चांगल्या मार्कांनी. सासरे शब्दाला पक्के निघाले. पेढे घेऊन आले, शाळेचं नाव काढलं नाही, आणि जूनमध्ये नातीला घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले. वरची रडली नाही. खिडकीतून पोरीला सांगत होती, "पारोळा गेल्यावर नदी लागेल. कुठून येते, कुठे जाते, बघून ठेव." एसटी गेली तरी ती रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होती. रात्री म्हाताऱ्याचा फोन आला. माझ्यासमोर तिने तो स्पीकरवर लावला. "पोचलो. पण सूनबाई, हे काय शिकवलंयस? मला दात नाहीत, जेवायला वेळ लागतो. ही आपलं आटोपून माझ्या पानासमोर बसून राहिलीय. ऊठ म्हटलं तर उठत नाही." रागावल्यासारखे बोलत होते, पण फोन ठेवायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसले. साडेसात झाले. बाळकृष्ण पुसून जागेवर ठेवला, जरासुद्धा हलला नाही. गंध लावलं, फूल वाहिलं. वर काही हालचाल नाही. चहा केला, तो गार झाला. मला असली शांतता सोसत नाही. मी फळीवरचं ताट काढलं, लाटणं घेतलं, जिन्याखाली गेले आणि दिले ठोके.

"शाळा नाही का आज?" मी ओरडले. "दोन उरलीत अजून घरात!"

वर धाकटीचे पाय धावले. मग तिची आई कठड्याशी आली. केस मोकळे, डोळे सुजलेले. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं.

"अक्का, हळू. बाळकृष्ण पडेल."

"तो बसलाय कधीचा वाट बघत. तू केस बांध."

ती आत गेली. जरा वेळाने गीत सुरू झालं. रोज चार गळे असायचे, आज तीन. वरची पट्टी थोरली धरायची, ती जागा रिकामी होती. मी जिन्याच्या पायरीवर बसले, ताट मांडीवर घेतलं. त्यांचं पूर्ण होईपर्यंत उठले नाही.